पाच किलो मसाला आणि ईस्टरची घंटा

गुड फ्रायडेच्या दिवशी मी चर्चच्या घंटेच्या लोळीनं पाच किलो कांदा-लसूण मसाला कुटला.

लोळी म्हणजे घंटेच्या पोटात लोंबणारा लोखंडी दांडा. खालच्या टोकाला गोळा, वरच्या टोकाला कडी. तो गोळा आदळला की घंटा वाजते. हे सगळं मला आता माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. (अठ्ठावीस वर्षं राजारामपुरीतल्या शाळेत मराठी शिकवते आहे मी. 'लोळी' हा शब्द एकाही पाठात आला नाही, यात माझा काय दोष?)

आम्ही शिकलगार. आमच्या घराण्यात पूर्वी तलवारींना धार लावायचे. आता धार लावायला तलवारी कोण आणतंय? त्यामुळे आमचे हे, म्हणजे बशीर, उद्यमनगरात लेथ मशीन चालवतात. कोल्हापुरात ज्याचं काही मोडतं आणि बाजारात कुठंच मिळत नाही, तो माणूस शेवटी बशीरच्या दारात येतो. तसे त्या मार्चमध्ये आवळेकाका आले.

आवळेकाका म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या चर्चची घंटा वाजवणारे. उंची पाच फूट, आवाज पंधरा फूट. इंग्रजांच्या काळात त्या मनोऱ्यात तीन घंटा होत्या आणि तीन माणसं ओळीनं दोर ओढून त्या वाजवायची, सणाला भराभर, मयताला थांबून थांबून. काकांचे वडील त्या तिघांपैकी एक. पुढं दोन लहान घंटांना तडे गेले, मोठी एकटी राहिली आणि तिचा दोर काकांच्या हातात आला. पन्नास वर्षं त्यांनी तो सोडला नाही. मग दोन वर्षांपूर्वी लोळीची कडी झिजून तुटली, लोळी खाली पडली आणि घंटा मुकी झाली.

चर्चचे नवे पाळकसाहेब भले माणूस, पण मोबाइलवर भारी विश्वास. त्यांनी मनोऱ्यावर एक स्पीकर बसवला आणि घंटेचं रेकॉर्डिंग फोनवरून लावायला सुरुवात केली. आवाज इतका शुद्ध की कुणाला खोटा वाटू नये. फक्त एका रविवारी रेकॉर्डिंग चालू असतानाच त्यांना घरून फोन आला आणि अख्ख्या पेठेनं आकाशातून आवाज ऐकला, "अहो, येताना कोथिंबीर घेऊन या!"

"बशीर, मला त्यो डबा नको," काका वर्कशॉपच्या दारात लोळी खांद्यावर घेऊन उभे होते. "कमिटीनं सांगितलंय, ईस्टरला घंटा वाजली तर वाजली, न्हायतर कायमचा डबा. तूच काय ते कर बाबा."

"करतो की काका," बशीर म्हणाले. "ईस्टरला वाजंल. माझा शब्द हाय."

आणि त्यांनी खरोखर जीव लावून काम केलं. नवी कडी घडवली, गोळ्यावरचा गंज उतरवला, सगळा दांडा आरशासारखा घासला. गुरुवारी संध्याकाळी लोळी बारदानात गुंडाळून घरी आणली, कारण घरापासून चर्च जवळ. बारदान जिन्याखाली ठेवलं आणि मला ओरडून सांगितलं.

आता इथं माझी बाजू ऐकून घ्या. नळाखाली बादली भरत होती, कुकरची शिट्टी चालली होती आणि आतल्या खोलीत सासूबाईंची, अम्मांची, मालिका चालली होती. (अम्मांना कमी ऐकू येतं. त्यामुळे त्यांची मालिका आम्ही चार घरं मिळून ऐकतो.) त्या गदारोळात बशीर म्हणाले होते, "घंटेची लोळी हाय!"

मला ऐकू आलं, "घंट्यानं पोळी पायजे!"

दिवसभर शाळेत घसा फोडून आलेल्या बाईला तासाभरात पोळी पाहिजे म्हणून जिन्यातून हुकूम! मी पण ओरडले, "मिळंल!"

ते समाधानानं आत गेले. मी पुरणाला डाळ टाकली. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "आज पोळ्या कशा काय?" आणि मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. त्यामुळे जिन्याखाली काय आहे हा विषय निघायची शेवटची संधीही गेली.

शुक्रवारी शाळेला सुट्टी, म्हणून तो आमचा मसाल्याचा दिवस. मिरच्या, धने, तीळ, खोबरं, सगळं भाजून तयार. मी पाट्या घेऊन मसाला कुटणाऱ्या डंकावर गेले तर डंकाची मोटार जळालेली. परत आले.

"कशाला पायजे डंक?" अम्मा म्हणाल्या. "परसात उखळ हाय. आमी काय मशीनवर कुटत हुतो व्हय?"

उखळ होतं, पण बत्ता नव्हता. तो बशीरची बहीण बिद्रीला घेऊन गेली होती. मी बत्ता शोधत घर पालथं घातलं आणि जिन्याखाली मला ते बारदान दिसलं. उघडून बघते तर काय! दोन फुटांचा लखलखीत लोखंडी दांडा, खाली गुळगुळीत गोळा, वर धरायला कडीसुद्धा!

माझे डोळे भरून आले. माझ्याशी अबोला असताना या माणसानं माझ्यासाठी गुपचूप नवा बत्ता घडवून आणला! (लग्नाला तीस वर्षं झाली की बायको नवऱ्याबद्दल चांगलं मत करून घ्यायला कुठलंही निमित्त चालवते.)

आणि काय बत्ता तो! एक घाव घातला की मिरचीनं जागा सोडलीच. वजनदार, पण हाताला हलका. तेच बारदान मी उखळाखाली अंथरलं आणि सुरुवात केली. आवाज ऐकून शेजारच्या पाटीलवहिनी भिंतीवरून डोकावल्या.

"काय करालीस गं शमीम? अगं बया! बत्ता हाय का गदा हाय ही?"

"ह्यांनी घडवलाय," मी लाजून म्हटलं.

"आमच्या ह्यांनी तीस वर्सांत मला साधा झारा घडवला न्हाय," वहिनी म्हणाल्या आणि दहा मिनिटांत आपल्या चार किलो मिरच्या घेऊन आल्या. दुपारपर्यंत नऊ किलो मसाला झाला. अम्मा खाटेवर बसून दोघींना चुका सांगत होत्या. काम झाल्यावर मी दांडा फडक्यानं पुसला (पुसला म्हणजे मसाला सगळीकडं सारखा पसरवला) आणि होता तसा त्याच बारदानात नीट गुंडाळून जिन्याखाली ठेवला. बारदानाच्या विणीत मूठ-दोन मूठ मिरची अडकली होती. ती झटकायला मी विसरले.

शनिवारी सकाळी बशीर बारदान उचलून चर्चमध्ये गेले. मनोऱ्यावर चढून त्यांनी ते उघडलं तेव्हा दांडा लाल दिसला. पण लोखंड लाल दिसलं तर लेथवाल्याच्या मनात एकच विचार येतो: गुंडाळायच्या आधी वर्कशॉपच्या पोरांनी गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलेलं दिसतंय, शहाणी झाली पोरं. वास? ज्याच्या नाकात तीस वर्षं मशीनचं तेल गेलंय, त्याला गुलाबाचं अत्तरसुद्धा ग्रीससारखं येतं. त्यांनी लोळी घंटेत बसवली. मग सणाआधी चुकून कुणाच्या हातानं वाजू नये म्हणून तेच बारदान तिच्याभोवती गुंडाळून सुतळीनं बांधलं आणि सुतळीचं टोक खाली दोराच्या खोलीत सोडलं. सुतळी ओढली की गाठ सुटणार, बारदान खाली पडणार, घंटा मोकळी. बशीरचं काम नेहमी असं पक्कं असतं.

रविवारी पहाटेच्या उपासनेला आम्हाला खास बोलावणं होतं. अम्मांनी ईदची साडी नेसली. आम्ही पोचलो तेव्हा चर्च भरत होतं, मोगऱ्याच्या माळा लावलेल्या होत्या. पाळकसाहेबांनी बशीरचा हात हातात घेतला.

"शिकलगारभाऊ, आज तुमची परीक्षा. नाही वाजली तरी काळजी नको, हा आहेच," असं म्हणून त्यांनी खिशातला मोबाइल थोपटला.

आवळेकाकांनी ते ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, केसांना तेल. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांनी लोळी काय घडवलीया! मी काल वर जाऊन नुसता हात लावून आलोय."

"लोळी म्हणजे काय हो काका?" मी विचारलं. शब्द नवीन दिसला की विचारायचं, ही माझी सवय.

"एवढी लांब," काकांनी हातांनी दाखवलं. "खाली गोळा. वर कडी."

ती लांबी माझ्या खांद्यांना ओळखीची वाटली. शुक्रवारपासून दुखत होते ते.

"काका... बारदानात होती का?"

"अजून बारदानातच हाय! आता जातो, सुतळी ओढतो, का झाली मोकळी!" आणि पंचाहत्तरीचा तो माणूस पोरासारखा जिना चढत गेला.

मी बशीरचा दंड धरला. "अहो, मी त्यानं मसाला कुटलाय."

"कशानं?"

"त्यानं! लोळीनं!"

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "ते रेड ऑक्साइड न्हवतं?"

"ब्याडगी होती! आणि निम्मी लवंगी!"

आम्ही पळालो. मनोऱ्याचा जिना गोल, अरुंद आणि अंधारा. बशीर पुढं, मी मागं, माझे गुडघे माझ्याही मागं. "काका, थांबा! काका, ओढू नका!" मी ओरडत होते. पण गोल जिन्यात आवाज फिरत फिरत खालीच जातो. खालच्या लोकांना वाटलं, वर प्रार्थना चाललीय.

आम्ही दोराच्या खोलीत पोचलो तेव्हा काका वर बघत उभे होते. डोकं मागं, तोंड किंचित उघडं, एका हातात घंटेचा दोर, दुसऱ्या हातात सुतळी. डोळे भरलेले.

"काका!" बशीर ओरडले.

"वेळ झाली," काका म्हणाले आणि त्यांनी सुतळी ओढली.

बारदान काकांच्या चेहऱ्यावर उघडं पडलं. लाल ढग उठला. मग काकांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी शिंक दिली, आणि दोर हातात असल्यामुळे शिंकेबरोबर तो ओढला गेला. दोन वर्षांनी घंटा वाजली.

"थप्प."

घंटा वाजली, पण बसलेल्या घशानं! गोळ्यावर मसाल्याचा थर बसला होता ना. खाली एवढा मोठा जमाव कान देऊन बसलेला, आणि वरून गादी झटकल्यासारखा आवाज. काका पुन्हा शिंकले. "थप्प." पुन्हा शिंकले. "थण्ण." चौथ्या शिंकेला उरलासुरला मसाला झडला, आमच्या डोक्यावर आला आणि वरून आवाज फुटला: टण्ण! काय आवाज होता! मनोऱ्याच्या भिंती थरथरल्या, माझ्या छातीत काहीतरी हललं आणि त्याच क्षणी मी पण शिंकले.

काकांना काही दिसत नव्हतं. बशीर त्यांना खिडकीशी नेऊ लागले, पण ते दोर सोडायला तयार नाहीत.

"थांबली तर डबा लावत्याल! कुणीतरी दोर धरा! बाई, धरा!"

"मी?"

"धरा म्हंतो न्हवं!"

मी धरला. खेचला. घंटा वाजली. मला वाटलं, यात काय एवढं? तर घंटेला बाजूला मोठं लाकडी चाक असतं. ती झोका घेऊन उलट फिरली की दोर वर जातो, तेव्हा हात सैल सोडायचे असतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी इमानदारीनं धरून राहिले आणि दोराबरोबर वर निघाले.

"सोड!" बशीर ओरडले.

"काय सोडू?"

"दोर सोड!"

"थांबली तर डबा लावतील!" मी हवेतून ओरडले. (किती वर गेले हे विचारू नका. बशीर म्हणतात चार बोटं. मला खिडकीतून अख्खं कोल्हापूर दिसलं.) पाय जमिनीला टेकले, मी पुन्हा खेचला, पुन्हा वर. एक चप्पल निघून जिन्यात गेली. मी शिंकत होते, रडत होते, वर-खाली होत होते, आणि घंटा अशी काही वाजत होती की काकांनी डोळ्यांवर पाणी मारता मारता विचारलं, "बशीर, कोण वाजवालंय?"

खाली काय झालं ते नंतर अम्मांनी सांगितलं. ढग जिन्यानं खाली उतरला आणि पंख्यांनी तो सगळ्यांना सारखा वाटला. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच शब्दाला शिंकले. मग पहिली ओळ, दुसरी ओळ, गायनमंडळ. कमिटीचे एक कडक म्हणून नावाजलेले म्हातारे सदस्य डोळे पुसत म्हणाले, "दोन वर्सांनी आवाज कानावर आला, ऱ्हावंना." ते ऐकून बाकीच्यांनीही लाज सोडली आणि अख्खं चर्च मोकळेपणानं रडायला लागलं. पाळकसाहेबांनी ओल्या डोळ्यांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

उपासना संपल्यावर आवारात चहा आणि केक. काकांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता आणि लोक येऊन त्यांना मिठी मारत होते. "काका, किती रडलासा!" मी एका झाडाआड उभी राहून केक खात होते. गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण पाळकसाहेब पायरीवर चढले आणि म्हणाले, "माझ्या इतक्या वर्षांच्या सेवेत मी लोकांच्या डोळ्यांत असं पाणी पाहिलेलं नाही..."

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते. केक तसाच हातात धरला. मी पुढं गेले.

"साहेब, ते पाणी माझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... मसाल्याचं आहे." आणि मी सगळं सांगितलं. डंक, बत्ता, पोळी, सगळं. बशीर आपल्या बुटांकडं बघत होते. आपल्या हातानं मी त्यांचा शब्द, काकांची घंटा आणि दोन घराण्यांची इज्जत उखळात घातली होती.

तेवढ्यात काकांचा आवाज आला. "मला पैल्याच दमात कळालं हुतं. मसाला हाय. लसूण जरा कमी पडलाय."

"लसूण कमी?" मागून अम्मा गरजल्या. (एरवी ऐकू येत नाही!) "एक किलो सोललाय मी! एक किलो! तुमच्या नाकाला काय कळतंय?"

"नाकालाच तर कळालं की!"

पहिल्यांदा पाळकसाहेब हसले. इतके हसले की पायरीवर बसले. मग सगळं आवार हसलं आणि मी उरलेला केक संपवला. कमिटीच्या त्या म्हाताऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाही. म्हणाले, "बाकीच्यांचं म्हायती न्हाय. मी खरंच रडत हुतो."

निघताना काकांनी मला थांबवलं. डोळे अजून लालच होते. "बाई, मनाला लावून घेऊ नका. सुतळी ओढायच्या आधीच माझं डोळं भरलं हुतं. मिरची मागनं आली."

बशीरनी माझ्या हातात माझी चप्पल दिली.

स्पीकर मनोऱ्यावरून उतरला. आमचा मसाला मी टाकून द्यायला निघाले होते, पण पाटीलवहिनींनी हात धरला. "खुळी हाईस का? ह्या वर्षी कसा खणखणीत झालाय!" असं म्हणून त्यांनी आणखी दोन वाट्या मागून नेल्या.

मे महिन्यात काकांचा खांदा दुखायला लागला. दोर धरायला दुसरं माणूस हवं होतं. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाईंना धरायला येतंय. आता सोडायला तेवढं शिकवतो."

मी अम्मांकडं बघितलं. अम्मा म्हणाल्या, "जा की. चांगलंच काम हाय."

चार रविवार मी काकांच्या हाताखाली शिकले. पाचव्या रविवारी त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली बसले. मी एकटी! पाय जमिनीवर, हात वेळेवर सैल, एकही ठोका चुकवायचा नाही म्हणून प्रत्येक ठोका मनात मोजत, थांबत, जपून वाजवला. शेवटचा ठोका विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिले. मग साडी सारखी केली आणि अभिमानानं जिना उतरून बाहेर आले.

फाटकाशी एक म्हातारी काठी टेकून उभी होती. डोक्यावर पदर, चेहरा गंभीर. मला बघून हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, एवढी दमादमानं वाजत हुती घंटा... कोण गेलं म्हणायचं?"

"कुणी नाही, मावशी," मी म्हटलं. "मी शिकतेय."